चपलांजवळची जागा

देवरावांना दाखला आणि हुकूम यांतला फरक आयुष्यभर कळला नाही.

प्रभूने शिष्यांना ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांना ख्रिस्ती मंडळीत दाखले म्हणतात. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब दाखला वाचत आणि मग त्याचा अर्थ उलगडून दाखवत. शेत म्हणजे जग, मेंढरू म्हणजे चुकलेला जीव, मेजवानी म्हणजे देवाचं राज्य. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन जेवत. देवराव अर्थापर्यंत पोचतच नसत. गोष्टीतल्या धन्यानं चाकराला 'जा' म्हटलं, की हे मनातल्या मनात चपला शोधू लागत.

त्यांची मुलगी जयवंता कॉलेजात मराठी शिकवायची. रूपक म्हणजे काय हे दरवर्षी नव्या पोरांना समजावून सांगणं, हे तिचं पोटापाण्याचं काम. वडिलांच्या या सवयीचं मूळ ती त्यांच्या नोकरीत शोधायची. देवराव भिवापूरकडच्या छोट्या लाइनीवर पॉइंट्समन होते. स्टेशनमास्तरांनी मशिनीतून लोखंडी गोळा काढून द्यायचा. तो थैलीत घालून, वेताच्या कड्याला अडकवून, इंजिनाच्या ड्रायव्हरच्या हाती पोचवायचा. तो गोळा म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याचा हुकूम. गोळा नाही तर गाडी हलायची नाही, आणि गोळा हाती आला की थांबायची नाही.

"पुढं का हाय ते ड्रायव्हरले दिसत नाही," देवराव म्हणायचे, "तरी तो जाते. काहून? गोळा हाती हाय म्हनून. गोळ्याचा अर्थ काढत बसला असता, तं भिवापूरची मिरची आजवर नागपूरले पोचली नसती."

एकदा शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, पोरांना घेऊन ते तलावावर गेले. परत निघताना एक पोरगं कमी भरलं. देवरावांनी बाकीची सगळी पोरं काठावर तशीच सोडली आणि त्या एकट्याला शोधायला निघून गेले. तो फुटाणेवाल्याजवळ सापडला. तोवर इकडे उरलेल्यांनी पेरूच्या बागेत शिरून माळ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. संध्याकाळी पोरांच्या आया भांडायला दारात उभ्या. त्या गेल्यावर जयवंताची आई, जिजाबाई, कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, सगळी पोरं वाऱ्यावर सोडून एकाच्या मागं जायले तुमी का देव आहात?"

"देव असतो तं इचार केला असता," देवराव म्हणाले. "मी चाकर. बाकीची मेंढरं सोडून चुकलेल्या एकामागं जा म्हनून सांगतलं, तसं केलं."

दुसरा एक दाखला होता. जेवायला बोलावलं तर मानाच्या जागी जाऊन बसू नये, शेवटच्या जागी बसावं. मग यजमान येईल आणि म्हणेल, मित्रा, वर ये. देवराव प्रत्येक लग्नात मांडवाच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगाजवळ बसत, आणि त्यांच्यासोबत सगळं घर. 'वर या' म्हणायला कधी कोणी आलं नाही. भात तिथवर पोचेपर्यंत गार होऊन जायचा आणि रश्श्यातले तुकडे संपलेले असायचे.

"तुमच्या त्या दाखल्यात यजमान येते," जिजाबाई फणफणायची. "आपल्या मंडळीत नाही येत."

"येईन नं," देवराव गार भात कालवत म्हणायचे. "जेवन कुठं संपलं अजून?"

जयवंताचा धाकटा भाऊ विश्वनाथ तेव्हा लहान होता. जाणाऱ्या-येणाऱ्याची धूळ त्याच्या पानात पडायची. ते तो कधी विसरला नाही.

फक्त एका दाखल्यापाशी देवराव अडत. धनी लग्नाहून परतेपर्यंत चाकर दिवे लावून जागे राहतात. धनी येतो. आल्यावर तो स्वतःच कंबर बांधतो, चाकरांना जेवायला बसवतो आणि त्यांना वाढतो. इथं आलं की देवराव चष्मा काढून ठेवायचे.

"याच्यात मले का कराचं ते समजत नाही," ते म्हणायचे. "जागं राहाचं, ते ठीक हाय. पन धनीच वाढाले लागला तं चाकरानं का करावं? हुकूमच नाही त्याच्यात." आणि उठून पाणी प्यायला जायचे.

जिजाबाई गेली, देवराव रिटायर झाले. इतवारी स्टेशनामागच्या वस्तीत त्यांनी दोन खोल्या आणि पुढं-मागं अंगण असं घर बांधलं होतं. तिथं तिघं राहू लागले. विश्वनाथ एका सरकारी कचेरीत चिकटला. रेल्वेचा मोठा संप होऊन गेला, आणीबाणी आली नि गेली, आणि त्यानंतरच्या एका हिवाळ्यात देवरावांच्या छातीत कफ साठला तो हटेना. डॉक्टर घरी येऊन, नाडी बघून, विश्वनाथला अंगणात नेऊन बोलले. आत खाटेवर देवरावांना ते न ऐकताच समजलं.

त्यांनी दोघांना जवळ बोलावलं.

"माझ्यामागं जेवन घालसान नं?"

"बाबा, हे काय बोलणं?" विश्वनाथ म्हणाला.

"घालसानच. मंडळीत रीत हाय. तं आइका. जे आपल्याले उलटून बोलावू शकतात, त्यायले बोलावू नका. जे नाही बोलावू शकत त्यायले आना. लंगडे, आंधळे, रस्त्यावरचे. घर भरलं पाहिजे."

हे कुठून आलं ते दोघांनाही ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. एका माणसानं मोठी मेजवानी केली. जेवण तयार झाल्यावर बोलावलेले सगळे सबबी सांगू लागले. एक म्हणाला, मी शेत घेतलंय, ते पाहायला जायचंय. दुसरा म्हणाला, बैलांच्या जोड्या घेतल्यात, त्या पारखायच्यात. तिसरा म्हणाला, माझं नुकतंच लग्न झालंय. तेव्हा धनी चाकराला म्हणाला, गल्ल्यांत जा, रस्त्यांवर जा, कुंपणांपाशी जा. मिळतील त्यांना आत आण. माझं घर भरू दे.

"हो बाबा," विश्वनाथ लगेच म्हणाला. "तुम्ही म्हणता तसंच करू. झोपा आता."

जयवंता म्हणाली, "नाही."

विश्वनाथनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मला हे पटत नाही, बाबा. एखाद्याला आंधळा आहे म्हणून जेवायला बोलवायचं? त्याचं व्यंग बघून त्याला निवडायचं, आणि पुण्य आपल्या पदरात पाडून घ्यायचं? मी रस्त्यावर उभी राहून कुणाला असं म्हणू शकणार नाही. मला जमणार नाही."

देवराव हसले. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत थांबले. "बरं," म्हणाले. "नाही तं नाही." मग भिंतीकडे कूस वळवून हळूच, "नाही म्हननाऱ्याचाही एक दाखला हाय वं. तुले माहीत हाय."

तिला माहीत होता. बापानं दोन मुलांना मळ्यात जायला सांगितलं. एक हो म्हणाला आणि गेला नाही. दुसरा नाही म्हणाला आणि मागून गेला. आपल्या नकारालाही यांनी दाखल्यात नेऊन बसवलं म्हणून ती चिडली, आणि चहा टाकायला उठून गेली.

त्या संध्याकाळपासून देवराव ग्लानीत गेले आणि ग्लानीतच संपले. वडिलांशी बोललेला शेवटचा शब्द म्हणून जयवंताच्या वाट्याला आला तो 'नाही'.

मातीच्या वेळी ती रडली नाही. शेजारणींनी डबे आणले, ते तिनं पाहुण्यांना वाढले, भांडी घासून ज्याची त्याला परत केली. तिचा स्वतःचा घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. चहात बुडवून पाव खाऊन ती कॉलेजात जायची आणि तास घ्यायची. मागच्या बाकांवरचेही वह्या काढून बसायचे. पोरांना कळलेलं असायचं.

स्मरणप्रार्थनेचा दिवस उजाडला. अंगणात मांडव पडला. मागच्या अंगणात आचारी धोंडबानं चुली पेटवल्या, मटणाचा रस्सा चढवला, मसाला भाजल्याचा ठसका साऱ्या वस्तीत गेला. विश्वनाथ पहाटेपासून खुर्च्या मांडत होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फडकं, एकेक खुर्ची पुसत होता.

"ताई, बघ. पाळकसाहेब इथं. आमचे कचेरीतले साहेब इथं, तेही मंडळीतलेच, त्यांनी यायचं कबूल केलंय. कमिटीचे सगळे या रांगेत. प्रार्थनेनंतर दोघं-तिघं बाबांवर बोलतील."

"विश्वनाथ, तू बाबांना हो म्हणाला होतास."

फडकं थांबलं. "मरणाऱ्या माणसाला काय म्हणणार होतो?"

"म्हणजे मुळात करायचंच नव्हतं?"

"तुला आठवतं, ताई, लग्नात आपण कुठं बसायचो ते?" तो एकदम तिच्याकडे वळला. "मला आठवतं. सगळ्या मंडळीच्या चपला मला तोंडपाठ होत्या. कुणाची वादी तुटलीय, कुणाची टाच झिजलीय. माझ्या पानावरून लोक ओलांडून जायचे. एकदा, फक्त एकदा मोठी माणसं बाबांसाठी आपल्या दारात यावीत, त्यांच्या फोटोसमोर उभं राहून चार चांगले शब्द बोलावेत. एवढं जास्त मागतोय का मी?"

जास्त नव्हतंच ते. ती त्याला रागवायला आली होती, आणि समोर पानात धूळ पडलेला लहान मुलगा उभा होता. तिनं तरी म्हटलं, "पण त्यांनी सांगितलं होतं."

"मग तू जा ना! तू तर तोंडावर नाही म्हणालीस त्यांना. आता मला कशाला शिकवतेस?"

तो संतापून बोलला आणि पुन्हा खुर्ची पुसू लागला. जयवंता तिथंच उभी राहिली. तो म्हणाला ते अगदी खरं होतं. हो म्हणणारा जाणार नव्हता. आणि त्या गोष्टीत मुलं दोनच होती.

ती चपला शोधू लागली.

मागच्या दारानं निघाली तेव्हा धोंडबानं झारा थांबवला. "बाई, कुठं चालल्या? दही पाहिजे का?"

"नाही. पाहुणे आणायला जातेय."

"पाहुने तं भाऊ आनून राहिले नं."

"दुसरे."

धोंडबानं हंड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "किती वाढवू मंग भात?"

"घरभर," ती म्हणाली.

इतवारी स्टेशनाच्या मालधक्क्याबाहेर हातगाड्या उभ्या होत्या. माल यायला वेळ होता. गाड्यांच्या दांड्यांवर माणसं बसली होती. जयवंता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नुसताच पदर सावरत राहिली. शंभर पोरांच्या वर्गात न अडखळणारी बाई. शेवटी तिनं सगळ्यात जवळच्या माणसाला म्हटलं, "जेवायला चला."

खांद्यावर दुपट्टा टाकलेला, पिकल्या मिशांचा तो माणूस बिडी ओढत होता. "मले म्हनता?"

"तुम्हा सगळ्यांना."

"कायचं जेवन?"

"माझे वडील गेले. त्यांच्यासाठी प्रार्थना आहे. मग जेवण."

"तेरवी?"

"आमच्यात तेरवी नसते."

"अच्छा, मिशनवाले." तो बाकीच्यांकडे वळला. "जेवू घालतीन आन् नाव बदलवतीन गा." सगळे हसले. "माह्यं नाव बाबाराव हाय, बाई. बायकोले बिलकूल आवडत नाही. बदलवाचं असन तं आदी तिले इचारा."

"नाव नाही बदलणार कुणाचं."

"मंग काहून बोलावून राहिल्या? आपली ना वळख ना पाळख."

जयवंतानं कारण शोधलं. तुम्ही गरीब आहात म्हणून, हे तिच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. वडिलांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, तर ती आपल्या जेवणानं मिळत नसते असं देवरावच सांगत. माणुसकी हा शब्द तिनं निबंधांतून इतक्यांदा तपासला होता की तो उचलवेना. एकामागून एक सगळी कारणं गळून पडली आणि खाली एवढंच उरलं.

"मला सांगितलंय," ती म्हणाली.

"कोनं?"

"वडिलांनी. आणि त्यांना... त्यांच्या धन्यानं."

बाबारावनं बिडी दांड्यावर विझवली. "म्हंजे हुकूम हाय."

"हो."

"मंग तसं सांगा नं सुरुवातीले! आमी जलमभर दुसऱ्याच्या हुकमानं गाडी वढून राहिलो. जेवाचा हुकूम पैल्यांदा आइकला." तो उठला. "चला गा. कोनी मांगं राहू नका."

त्यांच्यापुढं चालताना जयवंताच्या ध्यानात आलं, की वडिलांशी जिच्यावरून वाद घातला ती अडचण आता उरलीच नव्हती. ती कुणाला निवडत नव्हती. ती फक्त बोलावणं पोचवत होती. गोळा हाती देणाऱ्या पॉइंट्समनला कसलं आलंय पुण्य? गाडी त्याची नाही, लाइन त्याची नाही, गोळासुद्धा त्याचा नाही. हे बाबा इतकी वर्षं सांगत होते आणि ती त्यांना रूपक समजावत होती.

स्टेशनाच्या पायरीवर एक आंधळं जोडपं पेटी घेऊन बसायचं, गाडीत गाणी म्हणायचं. बाईनं विचारलं, "पेटी आनू का संगं?" जयवंता म्हणाली, आणा. पाय ओढत चालणारा एक चणेवाला टोपलीसकट निघाला. रेल्वेच्या फाटकाजवळ रुपराव बसायचा. रोज कॉलेजला जाताना ती त्याच्यासमोरून जायची. रोज नजर रुळांकडे वळवायची. महारोगानं त्याची बोटं झडली होती, हातांना फडकी बांधलेली होती.

"रुपराव म्हणतात ना तुम्हाला? जेवायला चला."

त्यानं मागचा घोळका पाहिला. "मी बाहेरच बसतो, बाई. पान इकडंच पाठवून द्या कोनाच्या हाती."

'बरं' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. किती सोपं होतं ते! त्यालाही सोपं, तिलाही. तिचं अंग मागं सरत होतं आणि तिला ते कळत होतं. पण निरोप 'घर भरू दे' असा होता, आणि फाटक म्हणजे घर नव्हे.

"नाही," ती म्हणाली. "आत."

"तुमच्याकडचे लोक उठून जातीन."

"गेले तर जागा होईल."

रुपराव भिंतीला कोपर टेकून उठला.

ती घरी पोचली तेव्हा पहिली रांग भरली होती. विश्वनाथ साहेबांना पाणी देत होता. त्यानं दारातून येणारी माणसं पाहिली आणि पेला त्याच्या हातात तसाच राहिला. हातगाडीवाले बिचकत मांडवात शिरले. पेटी एका खुर्चीला आपटली. रुपराव दाराच्या आत येऊन थांबला.

कुणी काही वाईट बोललं नाही. सभ्य माणसं होती. थोडी कुजबुज झाली, रुमाल निघाले. मग साहेब उठले आणि विश्वनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विश्वनाथ, राग मानू नको बाबा. नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतलाय, आज मोजणीवाला येणार आहे. बघायला जावं लागेल."

त्यांच्या शेजारचे कमिटीचे सेक्रेटरी घड्याळ बघत उभे राहिले. "मीपण निघतो. इतक्या वर्षांनी स्कूटरचा नंबर लागला. कालच आलीय. मेकॅनिक थांबलाय, जरा चालवून बघायचीय."

मागून एक तरुण सभासद लाजत म्हणाला, "माझं तर तुम्हाला माहीतच आहे. आत्ताच लग्न झालंय. घरी ती एकटीच आहे."

जयवंता तिघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली.

तिनं विश्वनाथकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो लाजेनं नव्हे. तो एकेका जाणाऱ्या पाठीकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला. "शेत."

"हो."

"बैल."

"हो."

"आणि लग्न."

त्या जाणाऱ्या तिघांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. सेक्रेटरींनी तर ती उपासनेत वाचूनही दाखवली असेल. तरी आपण काय बोललो हे त्यांच्या गावी नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी नाटक बसवलं नव्हतं. जयवंता आयुष्यभर शिकवत आली होती, की गोष्ट पुढं असते आणि अर्थ तिच्या मागं उभा असतो. इथं मागं काहीच नव्हतं. गोष्टच अंगणात उभी होती आणि दाराशी वाकून चपला घालत होती. तिला उपासनेत कधी वाटली नव्हती अशी भीती वाटली. वाईट नव्हती ती भीती. फार मोठं काही जवळून जाताना फलाटावर उभ्या माणसाला वाटते, तशी.

पाळकसाहेब गेले नाहीत. ते रिकाम्या झालेल्या रांगेत एकटेच बसले होते. "हा दाखला मी किती वेळा समजावून सांगितला," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी उभं राहून प्रार्थना केली. अगदी थोडक्यात केली, आणि त्यांचा आवाज रविवारच्यासारखा नव्हता.

खुर्च्या मागं सारल्या, सतरंज्या अंथरल्या, पत्रावळी पडल्या. माणसं बसली. धोंडबानं भाताचा हंडा आणला आणि मांडवभर नजर फिरवून म्हणाला, "बाई, अजून जागा हाय."

"मी आनतो," बाबाराव म्हणाला आणि दुपट्टा सावरत पळतच गेला.

तो परत आला तेव्हा सोबत मालधक्क्याचे हमाल होते, भांडेबाजारातले गाडीवाले होते, एक कुंकू-काळी पोत विकणारी बाई पोरं घेऊन होती. मांडव भरला. ओसरी भरली. पुढची खोली भरली. देवरावांच्या खाटेवरसुद्धा पोरं पाय लोंबकळवत बसली. विश्वनाथ बराच वेळ खांबाला टेकून उभा होता. मग त्यानं पाण्याची बादली उचलली, मग रश्श्याचं भांडं. इस्त्रीच्या शर्टावर लाल ओघळ आले. रुपरावसमोर तो क्षणभर थबकला, मग वाकला आणि त्याला तुकडे शोधून शोधून वाढले.

"रस्सा जबरदस्त हाय," पेटीवाला म्हणाला. "भिवापुरी मिरची दिसते."

"दिसते कुठं तुमाले?" त्याची बायको म्हणाली.

"नाकाले दिसते वं!"

सगळी रांग हसली. बाबारावनं पानावरून हात फिरवला, बोटं चाटली आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "घरची बाई जेवली का?"

"मी मागून बसेन," जयवंता म्हणाली.

"मयतापासून कोनी घास देल्ला का तुमाले? कडू घास? घरच्यानं आपल्या हातानं नाही घेत, बाहेरच्यानं वाढा लागते."

"डबे आले होते."

"डबे आले होते," बाबारावनं रुपरावकडे बघून मान हलवली. "जेवली नाही अजून पोरगी. तोंडावरच दिसते. बसा, बाई."

"सगळ्यांचं होऊ दे."

"झालं सगळ्यायचं. बसा म्हनतो नं."

बसायला जागा उरली नव्हती. दाराशी, जिथं सगळ्यांच्या वहाणा पडल्या होत्या, तिथं एका माणसापुरती सतरंजी मोकळी होती. जयवंता तिथं जाऊन बसली. टायरच्या चपला, वादी तुटलेल्या चपला, रुपरावनं पायाला बांधलेली गोणपाटाची पट्टी. बसल्यावर तिला कळलं, आपण कुठं बसलो ते.

बाबाराव उठला. हात धुतले. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि गाडी ओढायच्या आधी बांधतात तसा कमरेभोवती आवळून बांधला. धोंडबाच्या हातातून भाताचं ताट घेतलं. मग दोन रांगांमधून, कुणाच्या पानाला पाय लागू न देता, वाकून चालत तो तिच्याकडे येऊ लागला.

जयवंताची नजर त्या बांधलेल्या कमरेवर खिळली. बाबांना न उलगडलेला दाखला. ज्यात काय करायचं ते सांगितलेलंच नाही, असं ते म्हणत आणि उठून पाणी प्यायला जात. तिला आत्ता, या क्षणी, त्यांना हाक मारून सांगावंसं वाटलं, की बाबा, आहे. त्यातही हुकूम आहे. एवढाच, की उठू नका. बसून राहा. वाढू द्या.

रुपरावनं दोन्ही मनगटांनी एक पत्रावळ तिच्यापुढं सरकवली. तिनं ती धरली. बाबारावनं भात वाढला, त्यावर रस्सा ओतला. वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं पहिला घास घेतला, आणि तो खाली उतरला. दुसरा उतरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते थांबेना.

"तिखट लागलं?" बाबारावनं विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि जेवत राहिली.

मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून विश्वनाथनं तिला पाहिलं. रश्श्याचं भांडं खाली ठेवून तो घाईघाईनं चार माणसं ओलांडत आला, वाकला आणि म्हणाला, "ताई, इथं का बसलीस? वर ये ना."

तिनं मान वर करून भावाकडे पाहिलं. हे शब्द या जागेवर यायला किती वर्षं लागली होती!

"राहू दे," ती म्हणाली. "बस माझ्याजवळ. इथं भात गरम आहे."